टिकटिक बंद, हाताकडे बघा

वादक मंडळी तिला ‘टिकटिकबाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पडद्यावर दार आपटलं की नेमक्या त्याच क्षणी ढोल वाजायला हवा, म्हणून सगळ्यांच्या हेडफोनमध्ये जी टिकटिक चालते, ती आखायचं काम तिचं. लय किती, सुरुवातीला मोकळे ठोके किती, कुठे मंदावायचं, सगळं ती स्वरलिपीच्या माथ्यावर चौकटीत लिहून द्यायची. मागच्या रांगेत सेलो वाजवायचे तिचे वडील. तिला ताल शिकवला तो त्यांनीच, गुडघ्यावर थापा मारून.

त्या दुपारी शेवटच्या दृश्याचं संगीत वाजवून झालं. मुलगा कायमचा निघून जातो, आई रिकाम्या खोलीत उभी राहते आणि सूर विरत जातात. पुन्हा लावून ऐकलं, तर त्या शांततेत बारीक टिक्, टिक्.

“कुणाच्या तरी हेडफोनमधून बाहेर येतंय,” रेकॉर्डिस्ट करवादला. “एवढा मोठा आवाज कोण ठेवतं? बहिरं आहे का कुणी?”

तो एकेक माइक वेगळा लावून ऐकू लागला. तिला ऐकायची गरज नव्हती. घरचा टीव्ही हल्ली शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा आणि बाबा वर म्हणायचे, “लोक पुटपुटतातच फार.” ऐकू न येणाऱ्या वादकाला उद्या कोण बोलावणार? इथे कुणी कुणाची गय करत नाही.

“माझंच चुकलं,” ती घाईने म्हणाली. “इतक्या हळुवार जागी टिकटिक ठेवायलाच नको होती. काढते.”

शेवटच्या ओळीआधीच तिने टिकटिक तोडली आणि प्रत्येकाच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहिलं : ‘इथून टिकटिक बंद, हाताकडे बघा.’ बाबांच्या कागदावर जरा मोठ्या अक्षरांत.

पुन्हा वाजवलं. बाबांनी समोर उभ्या वाद्यवृंद-संचालकाच्या हातावरून नजर काढली नाही. हात खाली आला तसा त्यांचा गजही थांबला, सगळ्यांबरोबर. काचेमागून रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. तिचा जीव भांड्यात पडला.

मंडळी आवरून निघून गेली तरी बाबा खुर्चीतच बसून होते. ती समोर जाऊन बसली.

“टिकटिक थांबली ना गं,” ते म्हणाले, नको इतक्या मोठ्याने, “तेव्हा मला वाटलं, सगळेच थांबले. बघतो तर सगळ्यांचे गज चालूच. माझासुद्धा.”

करायला गेली एक आणि झालं भलतंच. जगापासून जे लपवलं, ते तिने त्यांनाच दाखवून दिलं होतं. तिला रडू आवरेना.

बाबांनी गज सैल करून पेटीत ठेवला, पेटी बंद केली. आजवर प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर पहिलं मत त्यांचं असायचं, तेही कुणी न विचारता.

“शेवट कसा झाला गं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी तिच्या ओठांकडे बघत राहिले.