प्रमिलाबाईंचे ऊन

वर्ध्याला आर्वी नाक्याच्या पलीकडे शिक्षकांनी आणि कारकुनांनी मिळून जो ले-आऊट वसविला, त्याच्या शेवटच्या ओळीत अण्णाजींचे घर होते. घराच्या आग्नेयेस एक मोठा प्लॉट वर्षानुवर्षे मोकळा पडलेला. पावसाळ्यात त्यावर तरोट्याचे रान माजे, उन्हाळ्यात धूळ उडे. आणि थंडीच्या दिवसांत सकाळचे पहिले ऊन त्याच प्लॉटवरून अण्णाजींच्या अंगणात उतरे.

त्या उन्हाचे मोल घरात कळले ते प्रमिलाबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यावर. उजवी बाजू गेली, वाणी अडखळली, मूठ वळली ती उघडेना. डॉक्टरांनी तेल, मालीश आणि कोवळे ऊन सांगितले. पहिल्या हिवाळ्यात अण्णाजींनी पत्नीची खुर्ची रोज अंगणात मांडली, आणि संक्रांतीच्या सुमारास त्या मुठीचे एक बोट सुटले. दुसऱ्या हिवाळ्यात हात उघडला. कपाची कड धरू लागला. अर्धेमुर्धे शब्द ओठांवर आले. पावसाळा लागला की सारे पुन्हा आखडे. म्हणून अण्णाजी आता वर्ष मोजीत ते हिवाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत. यंदा ती उभी राहील, असे त्यांनी मनाशी धरले होते.

त्याच वर्षी, दोन हजार चार साली, अक्षय्य तृतीयेच्या आधी हेमराज दारात आला. देवळीचे त्याचे घराणे मूळचे कापसाच्या अडतीतले. आता मुले बांधकामात शिरली होती. हेमराजने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, तुमच्या बाजूचा प्लॉट आपण घेतला. तीजेले भूमिपूजन हाये. तुमी बसल्याबिगर पूजा होत नाई."

अण्णाजींनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. पौरोहित्य हा त्यांचा व्यवसाय नव्हता. परंतु शेजारी पूजेला बोलावतो आहे, त्याला नाही कसे म्हणावे? किती मजले, हेही त्यांनी विचारले नाही. शुभकार्याच्या आरंभी 'किती' आणि 'कुठवर' विचारू नये, अशी त्यांच्या घरची रीत होती. हेमराज आपण होऊन म्हणाला, "खाली गाळे, वरते घर," आणि अण्णाजींनी ते तेवढेच धरले.

तृतीयेला ऊन असे होते की पितळी कलश हाताला चटका देत होता. साऱ्या ओळीतले शेजारी मांडवाच्या सावलीत दाटीने बसले. पुण्याहवाचनात यजमान हात जोडून विचारतो, या कार्यासाठी हा दिवस पुण्यकारक असो, असे आपण म्हणावे. आणि बसलेले ब्राह्मण त्रिवार उत्तर देतात, अस्तु. हेमराजने विचारले. अण्णाजींचा स्वर सर्वांच्या वर निघाला. मागून शेजाऱ्यांनीही हौसेने "अस्तु, अस्तु" म्हटले आणि प्रत्येकाने खड्ड्यात अक्षता टाकल्या.

"गुरुजी, आता तुमच्या आंगणात सावली पडन पाह्यजा," हेमराज प्रसाद वाटताना म्हणाला. "कूलर इकून टाका."

"मंग आमाले दे तो कूलर, अण्णाजी," नत्थूजी ओरडले. नत्थूजी म्हणजे पलीकडच्या घरातले, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. मांडवभर हशा पिकला. अण्णाजीही हसले. वैशाखात वर्ध्याचा कोण मनुष्य सावलीला नको म्हणेल? दक्षिणायनात सूर्य खाली उतरतो आणि आग्नेयेकडून उगवतो, हे अण्णाजींनी कित्येक पिढ्यांना पाठ करून दिले होते. पण त्या दिवशी सूर्य डोक्यावर होता.

भाद्रपदात दुसरा स्लॅब भरून झाला. नवरात्रात तिसरा. दसऱ्याला सोने वाटायला निघालेली मंडळी वर पाहत थांबली, तर चौथ्याचे सेंट्रिंग लागत होते.

नत्थूजींच्या ओसरीवर बैठक भरली. मते पुष्कळ निघाली. कोणी म्हणाले, बोअर मारतील तर आपल्या विहिरी आटतील. कोणी म्हणाले, गाड्या कुठे उभ्या करतील. निवृत्त पोस्टमास्तर बाबाराव मात्र खूश दिसले. "औषधाचं दुकान येऊन राह्यलं म्हणते खाली. दुखलं-खुपलं तर नाक्यावर जाचं काम नाई. अन् आपल्या प्लॉटचा भाव काय झाला, पाह्यला का?"

"तुमाले इकाचं हाये का घर?" नत्थूजींनी विचारले.

"इकाचं नाई. पण भाव तं वाढला ना बाप्पा!"

शेवटी ठरले की नगरपरिषदेत हरकत द्यावी. लागून घर असणाऱ्याच्या हरकतीला वजन असते, म्हणून पहिली सही अण्णाजींची.

"मला ते जमणार नाही," अण्णाजी हळू म्हणाले. "मी त्या कार्याला अस्तु म्हटले आहे."

"आमी बी म्हटलं. बुंदी खाल्ली अन् म्हटलं!" नत्थूजी म्हणाले.

"आपण म्हटले ते आनंदाने. मी म्हटले ते अर्थ जाणून. निर्विघ्न होवो म्हणायचे आणि विघ्न आपणच व्हायचे, हे कसे?"

नत्थूजींनी पानाची पिंक अंगणाच्या कडेला टाकली. "बराबर हाये, अण्णाजी. शब्द तुमचा हाये. पण ऊन तं वहिनीचं होतं ना?"

त्या रात्री अण्णाजी पत्नीच्या उजव्या हाताला तेल लावीत बसले. पावसाळ्याने मूठ पुन्हा मिटली होती. त्यांनी सारे तिला सांगितले. मग डाव्या हाताने तिने पूर्वेच्या खिडकीकडे बोट केले आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "अ... हो... ऊन?"

सकाळी स्नान करून अण्णाजींनी सूर्याला अर्घ्य दिले. उच्चारलेला शब्द मागे घेण्याचा मंत्र त्यांच्या पठनात नव्हता. त्यांनी केवळ क्षमा मागितली आणि नत्थूजींकडे जाऊन सही केली.

नगरपरिषदेतला अभियंता तरुण आणि सौजन्यशील होता. त्याने अण्णाजींना खुर्ची दिली, पाणी मागविले. हेमराजही आलेला होता. त्याने आधी अण्णाजींच्या पायांना हात लावला, मग बसला.

"काकाजी, तुमचं म्हणणं काय?"

अण्णाजींनी सांगितले. पत्नीचे आजारपण, हिवाळ्याचे ऊन, वरचे दोन मजले उतरवावेत ही विनंती. परक्या माणसासमोर पत्नीच्या शरीराची व्यथा बोलताना त्यांनी दोनदा पाण्याचा घोट घेतला. शेवटी हेमराजकडे न पाहता ते म्हणाले, "मी पूजेला बसलो होतो, हे खरे. तरीही माझी हरकत आहे."

अभियंत्याने पूर्ण ऐकून घेतले. मग नकाशा उलगडून त्यांच्यापुढे ठेवला. सुधारित नकाशा श्रावणातच मंजूर झाला होता. बाजूची जागा नियमाप्रमाणे सोडली होती, उंची नियमात बसत होती. "हवा-उजेडापुरतं अंतर सोडलंय त्यांनी. कोणत्या ऋतूत कुठून ऊन येतं, ते आमच्या नियमात नाही, काकाजी. मी तरी काय करू?"

त्याच्या स्वरात उर्मटपणा असता तर अण्णाजींना बोलता आले असते.

बाहेर पायऱ्यांवर हेमराजने त्यांचा हात धरला. "मले राग नाई, गुरुजी. वहिनीचं मले मालूमच नव्हतं. तवा सांगतलं असतं तं काही केलं असतं. आता गाळे अन् फ्लॅट सारे बुक झाले. तुमी असं करा, वहिनीले आमच्या गच्चीवर आणत जा. ऊनच ऊन हाये तिथं."

"पायऱ्या चढता येत नाहीत तिला."

"लिफ्टची जागा सोडली ना. पुढच्या साली बसन." तो स्कूटरकडे वळला आणि मनापासून म्हणाला, "तुमी बसले होते म्हणून तं काम असं सरळ झालं, गुरुजी. एक मजूर पडला नाई. एक दिवस काम थांबलं नाई."

मार्गशीर्ष लागला. अंगणात ऊन येई ते दुपारी, तापलेले आणि क्षणभराचे. जेवणाचे ताट आवरेपर्यंत ते भिंतीवर चढून जाई. नत्थूजींनी दुसऱ्या एका अर्जाची गोष्ट काढली, मग ती राहून गेली. बाबाराव तळमजल्यावर आधीच उघडलेल्या औषधाच्या दुकानातून डोकेदुखीचे मलम घेऊन आले आणि वाटेत सर्वांना दाखवीत गेले.

कोवळे ऊन आता एकाच ठिकाणी पडे: फाटकाबाहेर, रस्त्यावर, नवी इमारत आणि बाबारावांचे घर यांच्या फटीतून. अण्णाजींनी तो पट्टा काही दिवस पाहून ठेवला. मग एका सकाळी घरकाम करणाऱ्या तानाबाईच्या मदतीने त्यांनी प्रमिलाबाईंची खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर नेली.

"बाईले रस्त्यावर बसवता?" तानाबाई म्हणाली. "लोक पाह्यतीन ना, बाप्पा."

"पाहू देत."

ज्या प्रमिलाबाई आयुष्यभर डोईवरचा पदर सावरून फाटकाशी आल्या, त्या भर रस्त्यात बसल्या. शाळेच्या रिक्षा बाजूने गेल्या. मुलांनी मागे वळून पाहिले. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. डाव्या हाताने त्यांनी उजवी मूठ उचलली आणि उन्हात धरली.

इतक्यात वळणावर रेतीचा ट्रक आला. हेमराजच्याच इमारतीचा. चालकाने हॉर्न दिला नाही, खुर्चीतली बाई पाहून तो थांबला आणि खिडकीतून डोके बाहेर काढून अदबीने म्हणाला, "काकाजी, खुर्ची जरा सरकवता का? रेती खाली कराची हाये. मागं घ्याले जागा नाई."

"किती वेळ लागेल?"

"आता सुरू होऊन राह्यलं, काकाजी. याच्या मागं अजून दोन हायेत."

तानाबाईने आणि अण्णाजींनी खुर्ची उचलून भिंतीलगत, सावलीत ठेवली. प्रमिलाबाईंनी डोळे उघडले. ट्रक आडवा होऊन मागे येऊ लागला. रस्ता अरुंद होता, चालकाला मागचे दिसत नव्हते, आणि खुर्ची चाकापासून फार दूर नव्हती.

अण्णाजी पुढे झाले. एक हात पत्नीच्या खांद्यावर ठेवून, दुसरा हात उंच करून ते ट्रकला वाट दाखवू लागले. "या," ते म्हणाले. "या. अजून या."