अन्नपूर्णा, पुंगळ्यांच्या पिंपात

साहित्य

भंगारातली गाडीच्या वायपरची मोटर. सांडपाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडांना घट्ट झाकणं; हे आपलं पिंप. लोखंडी सळया दोन, त्यांवर बागेतल्या नळीचं रबर चढवलेलं. कार-बूट सेलमधल्या, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथल्या, रोलरब्लेडची बेअरिंग्ज. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा. हा पेट शॉपमध्ये सरड्यांच्या पिंजऱ्यात पसरायला म्हणून मिळतो. पितळ घासायचं पॉलिश, चमचाभर. रायफल क्लबात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, एक बादली.

आणि एक नवरा.

नवरा शक्यतो इंग्लंडातल्या मेडनहेडचा घ्यावा. आपण अनुप घेतला आहे. मूळ पुण्याचा, दिवसभर ऑफिसात डेटाबेस सांभाळतो. पबमध्ये त्याला कोणी ओळखत नव्हतं, क्रिकेटमध्ये सगळे फार ओळखत होते, म्हणून तो रायफल क्लबात गेला. तिथे तो अजून उमेदवारीवर होता. स्वतःची बंदूक नाही, क्लबची वापरायची. बाकीचे मेंबर रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरतात, त्यासाठी पुंगळ्या स्वच्छ लागतात. सेक्रेटरी कीथने पहिल्याच महिन्यात त्याच्या हातात काळवंडलेल्या पुंगळ्यांची बादली दिली आणि खांद्यावर थाप मारली. त्या थापेवर अनुपने अख्खं मशीन उभं केलं.

कृती

पिंप सळयांवर आडवं ठेवावं. मोटर सळई फिरवते, सळई पिंप फिरवते, पिंपात पुंगळ्या अक्रोडाच्या चुऱ्यात लोळतात आणि चकचकीत होऊन बाहेर येतात. आवाज शेडमधून शेजारच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो.

"इंग्रज गोळ्या झाडतात आणि तू त्यांची भांडी घासतोस," नीना म्हणाली. नीना म्हणजे बायको.

"हे रोटरी टंबलर आहे."

"सिंकमध्ये कढई आहे. ती रोटरी नाही म्हणून चालणार नाही का?"

साहित्य (राहिलेलं)

पितळी अन्नपूर्णा, एक. बोटभर उंच, हातात पळी. नीनाच्या लग्नात, गौरीहर पूजताना तिच्या आईने दिलेली. तळाशी पोकळी, पोकळीत कोरलेलं नाव: चि. नीना.

दर रविवारी पुण्याहून फोन येई.

"पूजा झाली?"

"झाली."

"अन्नपूर्णेला रोज पुसतेस ना?"

"रोज गं आई."

रोज अन्नपूर्णा लॉफ्टमध्ये होती. दिवाळीच्या माळा, एक बिघडलेला टोस्टर आणि ती, एकाच खोक्यात. बारा वर्षांत तव्यासारखी काळी पडली होती. सोमवारी आई, म्हणजे मधुमतीबाई, सहा महिन्यांसाठी येणार होत्या आणि त्या घरात शिरल्या की आधी देवघर बघतात, मग बाथरूम.

गुरुवारी नीनाने चिंच लावून पाहिली, लिंबू लावून पाहिलं. अन्नपूर्णेचा गुडघा तेवढा उजळला. काळी मूर्ती पाहिली की आई एक शब्द बोलणार नाही, आणि बारा वर्षांचे रविवार एकदम वाया जातील, हे नीनाला ठाऊक होतं.

"घाल तुझ्या त्या मशीनमध्ये," ती म्हणाली.

अनुप इतका खूश लग्नातही दिसला नव्हता.

कृती (बदललेली)

अक्रोडाने काही होईना. अनुपने मीडिया चेंज केला; हे त्याचे शब्द. म्हणजे मुलांच्या खेळायच्या वाळूची पिशवी आणली, पिंपात ओतली, गाडीचा रंग घासायची पेस्ट घातली. पितळावर पितळ घासलं की अॅक्शन चांगली मिळते म्हणून कीथच्या पुंगळ्याही घातल्या. बटण दाबलं. मग दोघं मित्राच्या मुलीच्या बारशाला नॉटिंगहॅमला गेले आणि रविवारी परत आले. मोटर फिरत होती. याचंही अनुपला कौतुक वाटलं.

पुंगळ्या ओरखड्यांनी भरल्या होत्या. अन्नपूर्णा झळाळत होती.

"हिचं तोंड कुठाय?" नीना म्हणाली.

"फिनिश बघ ना. मिरर आहे."

"अनुप, तोंड."

नाक नव्हतं, डोळे नव्हते, निऱ्या नव्हत्या. पळीच्या जागी उदबत्तीच्या काडीएवढं काहीतरी उरलं होतं. महिनाभर वापरलेली साबणाची वडी दिसावी तशी देवी दिसत होती. पोकळीतलं नाव मात्र शाबूत होतं. ते कशाला शाबूत राहिलं, असं नीनाला वाटलं.

नवी आणायची म्हटलं तर आई आधी उलटी करून नाव वाचणार. शेवटी वाटीभर तांदळात अन्नपूर्णेला गळ्यापर्यंत पुरलं आणि दिव्याची वात बारीक केली.

टीप

हीथ्रोहून घरी येताना जावयाला बोलू देऊ नये. अनुपने सासूबाईंना मोटर, बेअरिंग, अक्रोड, वाळू सगळं समजावून सांगितलं. अन्नपूर्णेचं तेवढं सांगितलं नाही. त्याला ते टॅक्टफुल वाटलं.

वाढणी

मधुमतीबाई हातपाय धुऊन देवघरापुढे बसल्या. अन्नपूर्णा तांदळातून उपसली. चष्मा लावला. उलटी केली, नाव वाचलं. पोकळीतून चिमूटभर वाळू ताम्हनात पडली. त्यांनी ती बोटाने एका बाजूला सारली.

"किती झिजलीय गं," त्या म्हणाल्या.

नीनाने दिव्याची वात आणखी बारीक केली.

"माझ्या आजेसासूबाईंच्या देवांचे असे चेहरे होते. चार पिढ्यांनी रोज पुसलेले." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आणि तू एकटीने बारा वर्षांत केलंस."

अनुपने श्रेय घ्यायला तोंड उघडलं. नीनाने त्याच्या पायावर पाय दिला.

"रोज पुसते," ती म्हणाली.

"दिसतंय ना."

मधुमतीबाई उठल्या, बॅग उघडली आणि लाल फडक्यातलं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. "आमचे देव. माझ्याकडून आता होत नाही. तुझ्याइतकं कोणाच्या हातून होणार?"

नीनाने गाठ सोडली. गणपती, बाळकृष्ण, महादेवाची पिंड, घंटा. सगळे काळे ठिक्कर. गणपतीच्या सोंडेवरची नक्षी टोचत होती. बाळकृष्णाच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्यावर ओतकामाचा दाणासुद्धा तसाच होता. आईच्या लग्नातले देव, आणि एकाचंही नाक घासलेलं नव्हतं.

"आई, यांची पूजा..."

"रोज," मधुमतीबाई म्हणाल्या. "चहा टाक."

नीनाने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून शेडकडे बघत होती. मग मधुमतीबाईंनी गाठोडं पुन्हा बांधलं, नीनाच्या पुढून उचललं आणि जावयाच्या हातात दिलं.

"वाळू नको, अनुपराव," त्या म्हणाल्या. "अक्रोडच बरा."