गालावर बोट

तिने लिंबाची अर्धी फोड साखरेत बुडवली आणि डाव्या गालावर गोल गोल घासायला सुरुवात केली. डोळ्यांत पाणी आलं तरी हात थांबेना. उजवा गाल आधीच लालबुंद झाला होता आणि हनुवटीची नुसती आग होत होती.

"झालं का गं?" बाबांनी बाहेरून दार वाजवलं. "हात धुवायचेत मला."

"ते हात धुऊन कधी निघालेत, बाबा?"

"निघत नाहीत म्हणून धुवायचे सोडू की काय? घास, घास तू. घासल्याशिवाय काही गुळगुळीत होत नसतं."

बाबा लाकडी सामानाला पॉलिश करायचे. खाली दुकान, वर घर. आई गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे घराचे कायदेही दुकानातूनच वर आलेले. खडबडीत दिसलं की पॉलिशपेपरने घासा, मग पॉलिशचा एक हात मारा, वाळलं की पुन्हा घासा, पुन्हा एक हात. तिने लहानपणापासून हेच पाहिलं होतं. त्यामुळे चेहऱ्यावर पुळ्या उठायला लागल्या तेव्हा तिने दुसरा विचारच केला नाही. घासायचं आणि हात मारायचे. फळीवर ट्यूब आणि बाटल्यांची इतकी दाटी झाली होती की दात घासायच्या ब्रशला जागा उरली नव्हती. एक मलम शेजारणीने सांगितलेलं, एक मावसबहिणीने, आणि उरलेली सगळी मोबाइलमधल्या त्या बायांनी, ज्यांच्या चेहऱ्यावर कधी डासही बसला नसावा.

तिने तोंड धुतलं, आरशात गाल फुगवून जवळून पाहिला आणि नेहमीसारखी हिरमुसली. मग खुंटीवरचा कापडी मास्क घेतला, कानांमागे अडकवला आणि शाळेत जायला निघाली.

आता मास्क लावून जगात कुठेही नोकरी करता येते, पण तिच्या नोकरीत येत नव्हती. ती कर्णबधिर मुलांना शिकवायची. ही मुलं डोळ्यांनी ऐकतात. शिकवणारीचे हात बोलतात ते निम्मंच, उरलेलं ओठ, गाल आणि भुवया बोलतात. प्रश्न आहे की सांगणं आहे, राग खरा की लटका, हे सगळं तोंडावर. आणि ही बाई तोंड झाकून वर्गात उभी.

नवी आली तेव्हा ती अशी नव्हती. तेव्हा मास्क नव्हता. पण तिथल्या मुलांची एक रीत होती. ती प्रत्येक शिक्षकाला खुणेचं नाव ठेवायची, आणि ते नाव ठेवायचा हक्क फक्त मुलांचा. मुख्याध्यापिकांचं नाव नाकावरचा चष्मा वर सारणं. खेळाच्या सरांचं नाव मिशीला पीळ देणं. तिलाही लवकरच नाव मिळालं. एकदा मधल्या सुट्टीत ती जिन्यावरून उतरत होती आणि खाली भिंगरीने दुसऱ्या मुलीला कोपराने ढोसून गालावर बोट टेकवलं. भिंगरी म्हणजे पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी, जिला शिक्षक भिंगरी म्हणत, कारण ती जागेवर ठरतच नसे. दुसऱ्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि हसून तिनेही गालावर बोट टेकवलं.

ती जिन्यातच थिजली. गालावर बोट. म्हणजे पुळी. पुळीवाली बाई.

कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. विचारायचं तरी काय, माझ्या पुळ्या कशा म्हणतात ते सांगा? दुसऱ्या दिवशी ती मास्क लावून आली आणि धुळीचा त्रास होतो म्हणाली. मुलांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग तिचं नाव बदललं. आता तिच्याकडे बघून ती तोंडावर पालथा पंजा ठेवायची. हे नाव कळायला काही कठीण नव्हतं. बंद बाई.

मुख्याध्यापिकांनी एका दुपारी तिला बोलावून घेतलं. बाई मवाळ होत्या, पण मोजून बोलायच्या.

"धुळीचा त्रास अजून आहे?"

तिने मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"तुमचे हात फार सुंदर बोलतात. पण भिंगरी परवा माझ्याकडे येऊन म्हणाली, बाई रागावल्यात की गोष्ट सांगतायत ते कळत नाही." त्यांनी चष्मा वर सारला. "सत्र संपेपर्यंत थांबते मी. मग वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. तुम्हाला ऑफिसात काम देईन, नोकरी जाणार नाही."

नोकरी जाणार नव्हती, पण तो वर्ग जाणार होता. तिला हाच वर्ग हवा होता. इतकी वर्षं शिकली ती यासाठीच.

त्याच आठवड्यात ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई उतारवयाच्या, खुर्चीत ऐसपैस बसलेल्या.

"काय काय लावतेस?"

तिने सांगायला सुरुवात केली. हातांची बोटं संपली तरी यादी संपेना. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि यात तोंड कुठे बसवतेस?"

तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

"घासतेस?"

"रोज. आमचं घरी पॉलिशचं काम आहे."

"हं, तरीच." त्यांनी दिवा जवळ ओढून तिचा गाल पाहिला. "अगं, लाकूड मुकाट सोसतं. कातडी जिवंत आहे, ती चिडते. ती चिडली की तू आणखी घासतेस. तुमचं दोघींचं भांडण चाललंय नुसतं. यातला निम्मा लालपणा तुझ्या हाताचा आहे."

मग त्यांनी कागदावर मोजकंच लिहिलं. सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, मग हलकं क्रीम, बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री पुन्हा धुवायचं, क्रीम लावायचं, आणि एक औषध मटारच्या दाण्याएवढं, तेही सुरुवातीला एक रात्र आड.

"बाकीचं?"

"केराची टोपली."

"एवढंच?"

"एवढंच. आणि फोडायचं नाही, खरवडायचं नाही, सारखं हात लावून बघायचं नाही. हे तुला सगळ्यात जड जाणार आहे. घाईने काही होणार नाही, महिने जातील."

बाबांना हे अजिबात पटलं नाही. "न घासता?" त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. "आणि एवढे पातळ हात मारून काय होणार? डॉक्टर आहे की कोण?"

पण तिने फळी रिकामी केली. ब्रश पुन्हा सुखाने उभा राहिला.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. औषधाने कातडी कोरडी पडली, नाकाशेजारी पापुद्रे निघाले. एका सकाळी तिचा धीर सुटला. ती स्वयंपाकघरात गेली, लिंबू कापलं आणि साखरेचा डबा उघडला. बाबा मागे उभे होते. त्यांनी तिच्या हातातून फोड काढून घेतली, पेल्यात पिळली, वर साखर टाकून ढवळली आणि सरबत करून पेला तिच्या हातात दिला.

"पी."

"बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, घासल्याशिवाय..."

"मी टेबलाबद्दल म्हणत होतो." ते खाली बघत म्हणाले. "माझी तेव्हाच जीभ का झडली नाही देव जाणे. पी आता."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी औषध थोडे दिवस थांबवून मग पुन्हा हळूहळू सुरू करायला सांगितलं. हळूहळू आग थांबली. नव्या पुळ्या कमी झाल्या, जुन्या बसल्या, डाग मात्र राहिले. एक गोष्ट तिच्या लक्षात आली, क्रीमची ट्यूब भलतीच लवकर संपत होती. तिने काही विचारलं नाही. जेवताना बाबांच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा बुजत आलेल्या दिसल्या, तेव्हा तिने पुढच्या वेळी मोठी ट्यूब आणली आणि फळीवर मधोमध ठेवली.

सत्राचा शेवटचा आठवडा उजाडला. चेहरा बरा होता, पण तिच्या मनातल्यासारखा नव्हता. दोन्ही गालांवर तपकिरी डाग होते आणि हनुवटीवर एक ताजी पुळी, तीही नेमकी मोक्याच्या जागी. वर्गाच्या दाराशी ती थोडा वेळ उभी राहिली. पुळीवाली तर पुळीवाली, ती मनाशी म्हणाली. बंद बाईपेक्षा बरी. तिने मास्क काढून पर्समध्ये टाकला आणि आत गेली.

मुलं टक लावून बघत राहिली. ती नजर चुकवत नाहीत, त्यांना ते परवडत नाही. तिचे कान तापले. तिने हात वर केले आणि गोष्ट सुरू केली, एका हट्टी गाढवाची. तिने गाढवासारखे ओठ लोंबवले, भुवया ताणल्या. मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. मग सगळा वर्गच खिदळला. इतक्या दिवसांनी ओठ मोकळे हलवताना तिला स्वतःलाच कसंसं झालं, मग छान वाटलं.

गोष्ट संपल्यावर भिंगरी उठून तिच्यासमोर आली. मान तिरकी करून तिने चेहरा नीट न्याहाळला, हरवलेली वस्तू शोधावी तसा. मग खुणेने म्हणाली,

"हसा."

"का?"

"हसा ना. खोटं नको."

तो हुकूम बघून तिला खरंच हसू फुटलं. तशी भिंगरीने टाळी वाजवली, वर्गाकडे वळली आणि आपल्या गालावर बोट टेकवलं. टेकवलं आणि रुतवून अर्धं फिरवलं. सगळ्या वर्गाने गालांत बोटं रुतवली आणि फिरवली.

जिन्यावरून तिला ते बोट फिरलेलं दिसलंच नव्हतं.

"हे काय?" तिने हळूच विचारलं.

भिंगरीला हा प्रश्न अगदीच बावळट वाटला असावा. तिने टाचा उंचावल्या आणि आपलं बोट सरळ बाईंच्या डाव्या गालावर टेकवलं. हसल्यावर तिथे खळी पडायची. डाग चुकवून बोट नेमकं तिथे बसलं.

"तुमचं नाव. पहिल्यापासून." भिंगरीने सांगितलं. "मध्ये हरवलं होतं."

आरशासमोर ती नेहमी गाल फुगवून बघायची. फुगवलेल्या गालाला खळी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोंड धुतलं, पंच्याने न घासता टिपलं आणि गालाला क्रीम लावलं. आरशात बघून एकदा हसून पाहिलं. थोडं क्रीम खळीत साठलं होतं, ते पसरायला तिने बोट टेकवलं आणि फिरवलं. मग आपण आत्ता बोटाने काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते पुन्हा एकदा म्हटलं.

"झालं का गं?" बाबांनी दार वाजवलं. "ती ट्यूब जरा बाहेर दे."