जिन्याखालची

आमच्या वाचनालयासाठी मी जुन्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करते. मूल हवं की नको हे बाईला स्वतः ठरवता येत नव्हतं, त्या काळच्या. पण घरातली मावशीच तोंड उघडेना. ती दवाखान्यात नर्स होती. मूल बंद करण्याच्या ऑपरेशनला तेव्हा नवऱ्याची सही लागायची. मावशी आणि तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र बाईच्या सहीवर काम भागवायच्या, तेही मागच्या दाराने.

मी हट्टालाच पेटले, तेव्हा कुठे ती बोलली. आणि काय बोलली! ऑपरेशनला आलेल्या एकीचंही नाव घेतलं नाही. ‘जिन्याखालची’, ‘कोपऱ्यावरची’, एवढंच. रेकॉर्डिंग झालं की बोलणाऱ्याला ऐकवायचं, ही आमची पद्धत. ऐकता ऐकता मावशीचा चेहरा उतरला.

“अगं, जिन्याखाली राहणारी गल्लीत एकच! अजून आहे ती. पुसून टाक सगळं.”

“तेवढंच काढते ना.”

“सगळं! जन्मभर तोंड शिवून बसले आणि म्हातारपणी तुझ्या नादी लागले.”

मला रागच आला. “पुसायचं की ठेवायचं, ते त्यांनाच विचारू,” म्हणत मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

जिन्याखालच्या खोलीत आजी एकट्याच शर्टाला बटणं लावत बसल्या होत्या. मावशीने दारातच एका दमात सगळं सांगून टाकलं.

आजींनी दाताने दोरा तोडला. “माझ्या लेकींना, सुनेला, सगळ्यांना केव्हाच सांगितलंय मी. तुमचंच कळत नाही, सिस्टर. रस्त्यात दिसलात की मान फिरवायचात. मला वाटायचं, यांना माझी किळस येते.”

“अहो, दवाखान्याचा नियम होता! बाहेर ओळख दाखवायची नाही. तुमच्यासाठीच.”

“दवाखाना पाडून तिथे गोदाम झालं की हो!”

मावशी हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मला तर इतकं हलकं वाटलं की मी खाली फरशीवरच बसले. आजींनी मावशीला आपल्या शेजारी जागा करून दिली.

“यंत्र आणलंयस ना?” त्या मला म्हणाल्या. “लाव मग. आणि माझं नाव घाल, पूर्ण. जिन्याखालची काय!”

निघाल्यावर आम्ही बरंच पुढे आलो होतो. मावशी थांबली, मागे वळली आणि भर गल्लीत तिने त्यांना मोठ्याने नावाने हाक मारली.

“उद्या येते गं!”