मेणाची वडी

डॉ. कालिंदी तिडके यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चोवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या काचपट्ट्या रंगवल्या. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या धडाधड काढल्या जायच्या, पण काढलेली पिशवी तपासायची कुणालाच गरज वाटत नव्हती. मॅडमनी त्या दवाखान्यांतून मागून आणल्या, सहाशे बारा तपासल्या आणि छापून सांगितलं की बहुतेक निरोगी होत्या. पुण्यात त्यांचा सत्कार झाला. दवाखान्यांनी मात्र नमुने पाठवणंच बंद केलं. भेकड लेकाचे!

काल दिंद्रुडची मंगल आली. "कॅन्सर होईल" असं घाबरवून पंचविसाव्या वर्षीच तिची पिशवी काढली होती. पुढं दोन वर्षांनी तिची एकुलती एक लेक तापानं गेली.

"माजी कशी व्हती, मॅडम?"

मॅडमना खोटं बोलणं कधी जमलंच नाही. "चांगली होती गं."

मंगल पुढं सरकली. मग म्हणाली, "दावता का?"

मॅडमनी कपाटातून मेणाची छोटी वडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. आत तिच्या पिशवीचा, तपासणीसाठी मेणात जपलेला नखाएवढा तुकडा होता. मंगलनं वडीवरची धूळ पदरानं हळूच पुसली.

"माजी लेक हितंच व्हती ना, मॅडम?"