भैयालालच्या घरी बर्फ आला

फोन आला तेव्हा भूपेंद्रच्या हातात जळालेल्या मोटरची तांब्याची तार होती. फुलचूरला रस्त्याला लागून त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात कामाला नुसता ऊत येतो. कूलरची मोटर काय, बोअरची मोटर काय, ज्याला त्याला आजच पाहिजे. पलीकडे दुलीचंद होता. आमगावच्या पुढे भूपेंद्रचं गाव, तिथला हा दुकानदार. त्याचं दुकान भूपेंद्रच्या बापाच्या, भैयालालच्या, घराच्या अगदी समोर, आणि कोणाच्या घरी कोण आलं, काय शिजलं, हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं.

"भूपेन, बसला आहेस का बेटा?"

"काऊन जी?"

"घरी ये. गुंजनलेही संगं आन."

"झालं काय ते त सांगा!"

दुलीचंद म्हणाला, "तुह्या घरी बर्फ आला, बेटा."

भूपेंद्रच्या हातातली तार गळून पडली.

शहरातल्या माणसाला यात काय कळणार? पण त्या गावात बर्फाची अख्खी लादी कोणाच्या घरी उतरते ती दोनच कारणांनी. एक तर लग्न, नाही तर मयत. लांबचं लेकरू येईपर्यंत उन्हाळ्यात मढं ठेवायचं कसं? मग आमगावहून लादी येते, धानाच्या कोंड्यात झाकलेली. दारात मांडव नसेल, तर लादी उतरताना बघणारा माणूस काही विचारत नाही, डोक्यावरची टोपी काढतो.

"भैयालालभाऊ त त्या तापातून उठलेच नाही पुरते," दुलीचंद सांगत होता. "आज सकाळी पाहतो त तुही माय तुयस तोडून राहिली. एक पान नाही, मूठभर! मंग माह्याच दुकानातून पांढरं कापड नेलं. मी म्हटलं, कोनासाठी वो बाई? त म्हणे, यायच्यासाठी. अन् गेली तशीच घाईनं. मंग टेम्पोतून लादी उतरली. आता मी तुले अजून काय सांगू?"

काही सांगायचं राहिलंच नव्हतं. तुळस, पांढरं कापड, बर्फ. भूपेंद्रने फोन कानापासून दूर केला आणि त्याची नजर पडद्यावर गेली. सकाळपासून न उचललेले फोन तिथे ओळीने दिसत होते. सगळे बाबांचे.

त्याने ते वाजताना पाहिले होते. पाहून फोन पालथा घातला होता. आणि एकदा तर वाजणाऱ्या फोनकडे बघून गिऱ्हाइकाला म्हणालाही होता, "वाजू द्या जी, काही कामाचा नाही."

ते आठवलं तसा तो दुकानाच्या पायरीवर मटकन खालीच बसला.

बापलेकाचं बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं, आणि कारण ऐकाल तर हसाल. अक्षय तृतीयेला भूपेंद्रच्या नव्या घराची वास्तू होती. सगळा गोतावळा आला, बाप आला नाही. त्या दिवशी तलावाच्या पाण्याची त्यांची पाळी होती. पणज्याच्याही आधीच्या लोकांनी बांधलेला तो तलाव. त्याचं पाणी पाळीने मिळतं आणि चुकली पाळी की उन्हाळी धान गेलं. म्हातारा धानाच्या बांधीत फावडं घेऊन उभा, आणि इकडे जो तो विचारतोय, बाप कुठे? संध्याकाळी भूपेंद्रने रागाने फोन लावला. "तुम्हाले पानी मोठं का पोरगा?" असं विचारून बसला. दुसऱ्या कोणी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. भैयालाल म्हणाला, "पानी." झालं! तेव्हापासून भूपेंद्रने बापाचा फोन उचलला नाही. म्हाताऱ्याला ताप आला तेव्हा मायने कळवलं, तेव्हाही हा म्हणाला, रविवारी येतो. असे कितीतरी रविवार गेले.

बायकोला, गुंजनला, मागे बसवून त्याने मोटरसायकल काढली. आमगावचा रस्ता त्याच्या पायाखालचा, पण आज वळणं कुठली आणि फाटक कुठलं, काही समजत नव्हतं. गुंजन मागून म्हणत होती, "अहो, जरा हळू! मायला तरी फोन लावून बघू का?" लावला तिने. माय उचलेना. "मयताच्या घरी कोण फोन उचलते?" तो ओरडला, आणि स्वतःच्या तोंडून आलेला तो शब्द त्यानेच ऐकला. बाप मरताना आपल्याला हाक मारत होता, आणि आपण काय म्हणालो? कामाचा नाही म्हणालो. आता हे कोणाला सांगायचं? जन्मभर पोटात घेऊन फिरायचं.

दारात माणसं होतीच. गमछे खांद्यावर टाकून ओळीने बसलेली, माना खाली. दुलीचंद उठला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि परत खाली बसला. अंगणात बर्फाचं पाणी ओघळून आलेलं, त्यात कोंडा तरंगत होता. दोरीवर ते पांढरं कापड लटकत होतं, ओलं.

भूपेंद्रचा बांध फुटला. चौकटीवर डोकं टेकून तो असा रडला, की ओळीतल्या जाणत्या माणसांनीही तोंडं फिरवली.

"बाबा, माह्यं चुकलं जी! पानीच मोठं होतं, बाबा! पानीच मोठं! मी फोन पाहिला होता जी, मी उचलला नाही..."

आतून माय धावत आली. त्याने वर पाहिलं आणि पाहतच राहिला. मायच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, सकाळी लावलेलं. हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि एका हातात दुधाची पळी.

"काऊन रे बापा? काय झालं? गुंजन, काय झालं याले?" यशोदाबाई घाबरून विचारत होती.

भूपेंद्र कपाळाकडे बघे, पळीकडे बघे. कुंकू पुसायचं राहिलं का? दुःखाने मायचं डोकं तर फिरलं नाही ना? तेवढ्यात घराच्या मागून एक आवाज आला. घर्र, घर्र, घर्र.

तो आवाज जगात कुठेही ऐकला असता तरी त्याने ओळखला असता. तो आईस्क्रीमच्या पॉटचा होता. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. त्याच्या लहानपणी दर उन्हाळ्यात घरामागच्या बाडीतला पाला घालून बाबा आईस्क्रीम करायचे, आणि दांडा फिरवील त्याला डब्यातला दूध घुसळणारा पंखा चाटायला मिळायचा. बाबांच्या वाट्याचा पंखा कायम भूपेंद्रलाच मिळाला होता.

तो घरातून आरपार पळाला. मागे आंब्याच्या सावलीत, चौरंगावर, हाडांचा सापळा झालेला पण चांगला जिवंत भैयालाल बसला होता. पॉटवर पोतं टाकून एका हाताने बादली दाबत होता आणि दुसऱ्याने दांडा फिरवत होता. बाजूला गवती चहाची उकळून काढलेली पाती पडली होती, तिच्या शेजारी तुळशीच्या पाल्याचा चोथा.

भूपेंद्र जागीच थांबला. आत्ता ज्याच्यासाठी ऊर बडवलं तो माणूस समोर घाम पुसत होता. हसावं की रडावं, पायावर पडावं की अंगावर धावून जावं, काही सुचेना.

"हे काय होय?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आईस्क्रीम," म्हातारा म्हणाला.

मागून आलेली यशोदाबाईच मग बोलली. "तापानं यायच्या तोंडाची चव गेली रे. भात नको, वरण नको. काल म्हणे, गवती चहा अन् तुयशीची आईस्क्रीम करीन त खाईन. मी म्हटलं, करा बापा, कायले कमी आहे! दूध आटवलं, पाला टाकला, गाळाले घरात धड कापड नाही, त दुलीचंदकडून आनलं. पॉटले बर्फ पाहिजे, टेम्पोवाल्यानं अख्खी लादीच उतरवली. त्यात एवढं काय झालं?"

दुलीचंद तोवर मागे येऊन उभा राहिला होता. चेहरा पार उतरलेला. "माह्या लक्षात आलं, बेटा. सरपनाचं विचाराले म्हणून मी आत आलो, त हे बसले होते दूध गाळत! माह्या त छातीत धस्सच झालं. लगेच तुले फोन लावाले निघालो होतो मी. देवाशपथ."

"मंग लावला काऊन नाही?"

दुलीचंदने भैयालालकडे बघितलं. भैयालालचा दांडा थांबला नव्हता.

"मीच नको म्हटलं," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, येऊ दे त्याले. बाहेर बसलेल्यायलेही मीच गप बसाले सांगितलं."

यशोदाबाईच्या हातातली पळी खाली पडली. "तुम्हाले ठाऊक होतं? मी त म्हटलं, दारातले मानसं आईस्क्रीमसाठी बसले! अन् पोरगा रडत येऊ दिला? अवो, तुम्ही मानूस आहात का कोन आहात! जिवंतपनी आपल्याच मयताले पोराले बोलावता?"

भूपेंद्रच्या अंगाची लाही लाही झाली. आलेली सगळी वाट त्याच्या डोळ्यांपुढून गेली. "बाबा, मोटरसायकल कशी आली ठाऊक आहे? आम्ही दोघंही ट्रकखाली गेलो असतो त? मी मेलो असतो, बाबा! असा खेळ करते का कोनी?"

म्हाताऱ्याचा हात आता थांबला. ट्रकचं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. कोणाचं ऐकून न घेणारा तो माणूस पोराकडे नुसता बघत राहिला.

"ते चुकलं माह्यं," तो म्हणाला. एवढं वाक्य त्याच्या तोंडून या घरात कोणी ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "सकाळपासून तुले लावून राहिलो होतो. आईस्क्रीम करून राहिलो, ये, असं सांगाले. तू उचलला नाही. याचा उचलला." त्याने मानेने दुलीचंदकडे खूण केली. "मले वाटलं, जितेपनी त हा येत नाही. मेल्यावर येते का, पाहू."

अंगणातून कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, तोही लगेच दबला.

"हात भरून आला माहा," भैयालाल चौरंगावरून जरा सरकला. "जमाले आली आहे. फिरव."

भूपेंद्र खाली बसला. दांडा हातात घेतला. तो जड लागत होता, आईस्क्रीम जमत आली की लागतो तसा. तो नेट लावी तसा पॉट हलत होता, आणि म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी बादली धरून ठेवली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तुळशीचा आणि गवती चहाचा वास मात्र डब्याच्या झाकणातून येत होता.

मग बापाने एक हात सोडला, बनियनच्या खिशातून आपला बटनांचा फोन काढला आणि डोळ्यांजवळ धरून बोटाने काहीतरी दाबलं. भूपेंद्रच्या खिशात फोन वाजायला लागला. पडद्यावर तेच नाव. त्याने समोर पाहिलं. म्हातारा फोन कानाला लावून बसला होता, हातभर अंतरावर, आणि त्याच्याकडे बघत नव्हता, आंब्याकडे बघत होता.

फोन वाजत राहिला. भूपेंद्रने खारट बोटाने बटन दाबलं.

"हॅलो," तो म्हणाला. "बाबा."

"आईस्क्रीम करून राहिलो," बाप म्हणाला. "येतो का?"

"आलो जी," भूपेंद्र म्हणाला, आणि फोन कानाला तसाच लावून रडायला लागला.