नारळ पुरायला जागा

आमच्या वाडीत शिमग्याला देवळापुढच्या पटांगणात नारळ पुरतात आणि नाचती पालखी तो शोधून काढते. पुरायचा मान धोंडूकाकांच्या घराकडे. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विनीतचे, सख्खे चुलते.

दीड वर्षापूर्वी मुंबईत राहणाऱ्या आम्हा वाडीकरांच्या मंडळाने पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवले. पुढाकार विनीतचा. सगळं कसं चकाचक झालं! नारळ कुठे पुरायचा, हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही. शिमगा आला तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. शेवटी विनीतने क्रोटनचा प्लास्टिकचा टब पुढे केला. काकांनी मुकाट्याने त्यात नारळ पुरला. तापलेल्या ब्लॉकवर अनवाणी खांदेकऱ्यांचे पाय पोळत होते, त्यामुळे पालखी नाचली कमी आणि पळाली जास्त. ती थेट टबाशी जाऊन थांबली. देवाचं राहू द्या, तो टब शेंबड्या पोरालाही दिसत होता. पोरं खो खो हसली.

काका हसले नाहीत. मान दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर ते देवळात मागच्या दाराने जायचे, ब्लॉकवर पाय ठेवायचे नाहीत. आधी मला हसू यायचं, मग वाईट वाटायला लागलं.

मी विनीतच्या मागे भुणभुण लावली. पण केलेलं उखडायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. त्याने तोड काढली, मधले चार ब्लॉक काढू या. गणपतीला गावी आलो तेव्हा तो काकांना विचारायला गेला, मीही सोबत होते. काका सुपारी कातरत होते.

"चार ब्लॉकांची जागा ठेवलीस तर पालखीनं शोधायचं काय? लपवायला सगळं आंगण लागतं, बाबा."

घरी येऊन विनीतने स्वतःच पहार काढली. मला त्याचा एवढा अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

गणपतीमुळे वाडी माणसांनी भरलेली. पुरुषांनी ब्लॉक उचकटले, आम्ही बायकांनी हातोहात ते विहिरीकडे पोचवले. तिथे चिखलात पाय घसरायचे, ब्लॉक बसवल्यापासून घसरत नाहीत. खालची कच खरवडली तेव्हा दाबून दगड झालेली तांबडी माती लागली. ती खणून मोकळी केली. दसऱ्यापर्यंत पटांगण हिरवंगार, त्यात वाडीभरची गुरं.

काका मात्र मानाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. शिमग्याच्या आदल्या दिवशी विनीत नारळ घेऊन गेला. काकांनी तो ठेवून घेतला आणि परत सुपारी कातरायला लागले. विनीतला रात्रभर झोप नाही.

नारळ पुरलाय की नाही, हे सकाळी पटांगणावरून ओळखू येईल असं काही नव्हतं. काका देवळाच्या पायरीवर हात बांधून बसलेले. ढोल वाजले, पालखी उठली. पुढच्या खांद्याला विनीत. पालखी आंब्याकडे गेली, परतली, गरगर फिरली. लाल धूळ गुडघ्याएवढी उडाली. खांदेकरी घामाघूम झाले तरी पालखी थांबेना. काका गालात हसत होते.

शेवटी ती तुळशीच्या अंगाला झुकली आणि हलेना. विनीत खांदा दुसऱ्याला देऊन गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरू लागला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा नारळ लागला. सगळी वाडी ओरडली, मी तर रडलेच.

त्याने तो काकांच्या हातात दिला. काकांनी त्यावरची माती पुसली, पुतण्याच्या कपाळाला लावली.

"दमलास ना? पुढल्या वर्षी याच्याहून खोल पुरनार हाय."